चिकासाठी शिरड शहापूरला

हिंगोली जिल्ह्यात बघायला काय आहे हो, असं आमच्या दापोलीत मला जो तो विचारतो. औंढ्याचा नागनाथ आहे, पण त्याच्याही दर्शनाला आमचं जाणं झालं नाही. देव रागावला नसेल अशी आशा. मी गेले होते शेळीचा चीक आणायला. हे सांगितलं की लोक हसतात, आणि मग जरा जवळ सरकून बसतात. तसंच तुम्हीही बसा.

माझी धाकटी लेक शलाका तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करायची. बरोबर येणाऱ्या सहकाऱ्याला ऐनवेळी ताप आला, तेव्हा तिने मला फोन केला. "आई, येतेस का? नुसता कॅन धरायला कुणीतरी हवंय." एरवी तिचे फोन म्हणजे "हो, जेवले, नंतर बोलते" एवढेच. महिन्याभरात ती नोकरीसाठी परदेशी जायची होती. कॅनच काय, तिने डोंगर धर म्हटलं असतं तरी मी धरला असता.

वसमतपर्यंतचा प्रवास सांगत बसत नाही. बसून बसून पाय सुजले एवढंच. पण त्या प्रवासात मला एक गोष्ट उमगली. ह्या मुलीला बोलतं करायचं तर तिचा विषय काढावा लागतो. लग्न, तब्येत, जेवण ह्यावर ती घुमी. तिच्या कामावर मात्र धबधबा. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयाच्या कपाटातलं. तरी म्हटलं, सांग बाई मला, हा चीक तुला हवाय कशाला?

"प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराचा मजकूर असतो, आई. लागेल तेवढ्याची नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए. मग रायबोसोम नावाचं यंत्र त्या नकलेवर बसतं, वाचत वाचत पुढे सरकतं आणि प्रथिन घडवतं."

"हे मी मासिकात वाचलंय."

"बरं. मग पुढचं ऐक. ढिगाने नकला अशाही निघतात, चांगल्या लांबलचक, की ज्यांच्यातून प्रथिन घडतच नाही असं सगळे धरून चालले. नावच तसं पाडलं, लाँग नॉन-कोडिंग आरएनए."

"घडत नाही तर निघतात कशाला?"

"काही दुसऱ्या जनुकांना जागं करतात, काही गप्प बसवतात. पुष्कळांचं कुणालाच माहीत नाही. पण आता दिसतंय, की रायबोसोम त्यांच्यातल्या काहींवरही बसतो."

"बसला म्हणजे घडलं की!"

"तिथेच तर भांडण आहे!" ती इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले. "बसला म्हणजे घडलंच असं नाही. घडलं तरी इतकं बारीक, की लगेच मोडतही असेल. ते प्रथिन स्वतः हाती लागायला हवं."

तिची जी नक्कल होती, ती शेळीच्या कासेत विण्याच्या वेळी भरपूर निघते आणि एकदोन दिवसांत नाहीशी होते. दुधाच्या स्निग्ध थेंबांत कासेच्या पेशीचा जरासा अंश अडकून बाहेर येतो, म्हणून शेळीला न चिरता चिकातूनच ते बघता येतं. पण चीक व्याल्याबरोबर, ताजा हवा, आणि काढल्याबरोबर गोठवायला हवा, म्हणजे रायबोसोम बसला असेल तिथेच पकडला जातो. मोठ्या फार्मवरून मागवलेला चीक दोनदा वाया गेला होता. आता नाही मिळाला तर विषय इथेच सोडून जावं लागणार होतं. हे तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं. चार वर्षं तिने ह्या एका गोष्टीपायी काढली होती.

कुरुंदा

कुरुंद्याला उतरलो आणि मी आधी नाकानेच गाव पाहिलं. हळद शिजवायचे दिवस. शेतोशेती मोठाले ड्रम, त्यांतून वाफ, आणि वाऱ्याला तो ओला, मातकट, कडवट वास. शिजलेली हळकुंडं ताडपत्र्यांवर पसरलेली. आमच्याकडे परसातल्या हळदीचं एकेक पान पातोळ्यांसाठी जपतो आपण, शेजारीण मागायला आली तर मोजून देतो. इथे हळदीच्या पानांचे ढिगारे बांधावर वाळून पडलेले. एवढ्या पानांत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पातोळ्या झाल्या असत्या!

आणि जमीन! आमची लाल माती पायाला लागते नि धुतली की जाते. ही काळी, भेगाळलेली, सपाट, नजर जाईल तिथवर. मधे डोंगर नाही की माड नाही. आभाळ एवढं मोठं असतं हे मी समुद्रावर पाहिलं होतं, जमिनीवर पहिल्यांदाच.

ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या सरस्वतीवहिनी, हळदवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्याच दोन शेळ्या विणार होत्या म्हणून आम्ही एवढं लांब आलो. दारात पाय ठेवतो तर वहिनींचा चेहरा पडलेला.

"काय सांगू माय, दोघी बी काल पहाटंच इल्या. एकीमागं एक. जशा काही ठरवूनच."

शलाका ओट्यावर बसली. वहिनींनी ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, ठेचा, फोडलेला कांदा. येसर म्हणजे धान्यं-डाळी नि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत. भात शेवटी, चवीपुरता. भातावर वाढलेल्या बाईचं काय झालं असेल विचार करा. पण शलाका पोटभर जेवली. दुःखात जेवते ती, लहानपणापासून.

दुपारी ती फोन करत फिरत होती आणि मी ओट्यावर कॅन सांभाळत बसले होते. हा कॅन म्हणजे ॲल्युमिनियमचं कळशीसारखं जाड भांडं, आत चीक गोठवायला बर्फाहून कितीतरी थंड असा द्रव नायट्रोजन, झाकण काढलं की पांढरं धुकं सांडतं. मला वाटलं होतं खेड्यातले लोक बिचकतील. अहो कसले बिचकतात! एक मिशाळ गृहस्थ तरातरा आले नि म्हणाले, "बाई, बरं झालं आल्या. माही म्हैस सकाळधरून वरडून राहिली. चला, भरून द्या."

गावोगाव गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायला जो माणूस येतो, त्याच्याकडे अस्साच कॅन असतो! म्हणजे मी, पासष्टी ओलांडलेली, नऊवारी नेसलेली, ह्यांच्या म्हशीसाठी आलेली.

"अहो दादा, मी ती नव्हे. ह्यात काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही हो. रिकामा आहे."

"मंग रिकामा काहून घेऊन फिरून राहिल्या?"

तोवर आणखी दोघे आले, एकाने तर गाय सोबतच आणलेली. "जर्सीचं हाय का गीरचं?" "आधी माही म्हैस, मी पयला आलो." वहिनी आतून पदर तोंडाला लावून हसतायत. शेवटी शलाका आली, तिने सगळं समजावलं. गायवाले निघून गेले. मिशाळ गृहस्थ मात्र, त्यांचं नाव मारोतराव, उभेच.

"म्हंजी तुमाला शेळीच पायजे? नुसती इयाला टेकलेली?"

"हो."

"मंग इथं काहून बसल्या? शिरडला चला. माह्या मामीच्या वाड्यात चार-दोन तरी टेकल्या असतील. माही म्हैस तर आज काही भरत न्हाई, तुमचं तरी काम होऊ द्या."

शिरड शहापूर

मारोतरावांच्या मामी म्हणजे सोजराबाई. गावाबाहेर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला शेळ्यामेंढ्यांचा वाडा, बाजूला पत्र्याचं घर. बाई माझ्याच वयाची, पण काठीसारखी ताठ. आम्हाला बघून म्हणाली, "बसा माय. चहा शेळीच्या दुधाचा हाय, चालंल ना?" चालला. उग्र असेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, तर गोडसर निघाला.

टेकलेल्यांत पुढे होती चांदी. काळीकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. कास तटतटलेली. सोजराबाईंनी शेपटीच्या दोन्ही अंगाला हात दाबून बघितला. "खड्डे पडले. आज न्हाई तर उद्या."

आम्ही राहिलो. त्यांच्या सुनेने, वच्छलाने, गोधड्या टाकून दिल्या. सकाळी सुशीला केला होता, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याचं कूट घालून. शलाकाने दोनदा मागून घेतला. ग्यानोबा, म्हणजे सोजराबाईंचा मुलगा, कळप घेऊन गेला, चांदी तेवढी मागे राहिली. मग काय, वाट बघायची. आम्ही तिघी बाभळीखाली बसलो. खरं सांगू, आयुष्यात पुन्हा एखादा दिवस मिळाला तर मी तोच मागेन. लेक शेजारी, हातात काम नाही, आणि ती बोलतेय.

सोजराबाईंनी विचारलं, "एवढं काय शोधून राहिली गं पोरी चिकात?" शलाका इंग्रजी शब्द गिळत अडखळायला लागली, तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, एक यंत्र आहे, ते एका लांब चिठ्ठीवर बसतं. बसतं ते दिसतं. पण त्यातून काही घडतं का, ते दिसत नाही.

सोजराबाई खळखळून हसल्या. "हात्तिच्या! करडू आईखाली लागलं म्हंजी दूध पितंच असं थोडंच हाय? नुसतं ढुसन्या मारत ऱ्हातं कवा कवा. पोट चाचपून बघावं लागतं."

"मावशी, तेच! मला ते पोट चाचपायचंय!" शलाका ओरडली, आणि चांदी दचकून उठली.

दुपार कलताना चांदीने चारा सोडला. पायाने माती उकरायला लागली. आमच्याकडे गाय विते तेव्हा पुरुषमाणसंच धावपळ करतात. इथे सोजराबाई एकट्या, तोंडाने बारीक चुचकारत. आधी एक पाट, म्हणजे मादी पिलू, मग लगेच बोकड. ओली, थरथरणारी, लांब कानांची. शलाकाच्या हातात नळ्या तयार, कॅनचं झाकण सैल केलेलं.

"मावशी, थोडा चीक काढू?"

"काढ की. खा. खरवस करते उद्या."

"खायला नाही. पुण्याला न्यायचाय."

सोजराबाईंचा हात थांबला. "न्यायचा? वाड्याबाहेर?"

त्या घरची रीत अशी की पहिला चीक वाड्याची वेस ओलांडत नाही. गेला तर शेळीचं दूध आटतं, पिलं आईवेगळी होतात. साऱ्या जिल्ह्याची रीत आहे असं मी म्हणत नाही, त्या घरची होती. मारोतरावांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना वाटलं आम्ही तिथेच काहीतरी तपासून जाणार. आणि मी हसत हसत म्हटलं, "अहो, आमच्याकडे तर गाय व्याली की खरवसाच्या वाट्या गावभर फिरतात!" हे बोलायला नको होतं. सोजराबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की आमच्या गावच्या गाई अजून दूध कशा देतात ह्याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"मावशी, चार चमचे फक्त," शलाका म्हणाली.

"चार का असंना. सासूनं घालून दिलेलं हाय. माह्याच्यानं होनार न्हाई, लेकरा."

दोन्ही पिलं लुचायला लागली होती. शलाका भांडली असती तर बरं. नळ्या हातात धरून ती पिलांकडे बघत राहिली. वेळ चालला होता. मी त्या बाईला काय म्हणणार? तिच्या दारचं अन्न खाऊन तिची रीत मोड म्हणू?

सोजराबाई चांदीची कास पुसत होत्या. मधेच म्हणाल्या, "पुन्याहून कुठं जाशील?"

"परदेशी. पुढच्या महिन्यात."

"सासर तिकडं हाय?"

"लग्न नाही झालं. नोकरी."

"मंग येशील कवा?"

शलाका माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहीत नाही."

हा प्रश्न मी तिला आजवर विचारला नव्हता. उत्तराच्या भीतीने.

सोजराबाईंनी कासेवरचा हात काढला. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "वच्छला! सूप आन. ज्वारी आन, खोबऱ्याची वाटी आन, दोन हळकुंडं आन. आन खन असंल पेटीत." मग शलाकाला म्हणाल्या, "लेक घरातून निघाली तर तिच्यासंगं काय बी जाऊ दे, ते बाहेर गेलं असं म्हनत न्हाईत. सासूनं बी लेकीला दिलंय. बस अशी, पूर्वेकडं तोंड कर."

शेणामातीत, जीन्स घातलेली माझी लेक मांडी घालून बसली. ओढणी नव्हती, म्हणून माझ्या खांद्यावरची शाल तिच्या मांडीवर पसरली. सोजराबाईंनी कुंकू लावलं, ओंजळीने ज्वारी घातली, हळकुंडं, खोबरं, खण. परदेशी निघालेल्या मुलीची ओटी भरावी हे मला, तिच्या आईला, सुचलं नव्हतं. मी आपली तिच्यासाठी थंडीचे मोजे घेत होते.

"आता लेक झालीस," सोजराबाई म्हणाल्या. "लेकीनं माहेराला यावं लागतं, ध्यानात ठेव. न्हाई आलीस आन् चांदीचं दूध आटलं, तर मी कोनाला बोलू?"

"येईन, मावशी."

मग सोजराबाईंनी पिलांना बाजूला सारलं आणि पितळी वाटीत दोन-तीन पिळे काढून वाटी तिच्या ओटीत ठेवली. पिवळाधमक, मधासारखा दाट. शलाकाचे हात असे चालले, काय सांगू. नळ्या भरल्या, कॅनमध्ये गेल्या, धुकं उसळलं. वच्छला "अगं बया!" म्हणून मागे सरली. चांदीने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा पिलांना चाटायला लागली.

निघताना सोजराबाई वेशीपर्यंत आल्या. मला म्हणाल्या, "माही मंगल उमरखेडकडं दिली. दोन नागपंचम्या झाल्या, आली न्हाई. तकलीफ काय न्हाई तिला, बराबर हाय सगळं. पन येत न्हाई." मी त्यांचा हात धरला. वाड्याच्या आतून चांदी ओरडत होती, पिलं तिच्याजवळच असूनही.

दापोली

घरी येऊन बरेच महिने झाले. शलाका गेली. चीक तिच्याबरोबर गेला नाही. पुण्यातच त्याची तपासणी झाली, नुसते आकडे तिच्यामागे गेले. तिथे बसून ती ते लावत असते. फोन पुन्हा पूर्वीसारखे झाले, "हो, जेवले, नंतर बोलते." मी वाचनालयातून जीवशास्त्राची पुस्तकं आणते, निम्मी कळत नाहीत. पण एखादा प्रश्न तयार करून ठेवते. प्रश्न चांगला निघाला तर ती बराच वेळ बोलते. वाईट निघाला तर हसते. दोन्ही चालतं मला.

सोजराबाईंचाही फोन येतो, ग्यानोबाच्या मोबाइलवरून. "काय म्हनते आपली लेक? निघालं का काही?" चांदीचं दूध आटलं नाही. ती पुन्हा गाभण आहे, कार्तिकात विणार, हेही त्यांनी सांगितलं.

परवा शलाकाने आपणहून फोन लावला. आवाजावरूनच कळलं. चांदीच्या चिकात रायबोसोम त्या नकलेवर बसलेले स्पष्ट दिसले. नुसते टेकलेले नाहीत, वाचत पुढे सरकलेले. आणि प्रथिनाचा एक तुकडा सापडला. एक. एकदाच.

"म्हणजे घडतं!" मी ओरडले.

"म्हणजे कदाचित घडतं. एकदा दिसलेलं दुसऱ्याच कशाचा तरी तुकडा असू शकतं. पुन्हा दिसायला हवं, आई. पुन्हा ताजा चीक हवा, शक्यतो त्याच शेळीचा." मग जरा थांबून, "प्रयोगशाळेतली नवी मुलगी आहे, ती जाईल. तू जाशील तिच्याबरोबर? सोजरामावशी तुला ओळखतात. तुला नाही म्हणणार नाहीत."

मला नाही म्हणाल्या नसत्या कदाचित, कोण जाणे. मी पाया पडले असते, त्या नव्या पोरीला पुढे केलं असतं. पण रीत ती रीत. मी पाहिली होती ती माझ्या डोळ्यांनी.

"बाळा," मी म्हटलं, "तो चीक लेकीच्या ओटीत घालतात. आईच्या नाही. आणि त्या घरची लेक तू आहेस."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "चांदी पुन्हा कधी विणार आहे?"

कार्तिकात, हे माझ्या ओठांवर होतं. पण मी म्हटलं, "मला काय ठाऊक? सोजराबाईंना विचारून ठेवते. तू उद्या फोन कर."